दोन प्रेमकथा आणि स्टँडवरचा कॅमेरा

खान्देशात दोन फोटोग्राफर फार गाजले, आणि दोघांपैकी एकाचंही नाव फोटोंमुळे गाजलेलं नाही. मेजर रॉबर्ट गिल म्हटलं की लोक लगेच त्याच्या प्रेयसीकडे, पारोकडे वळतात. केकी मूस म्हटलं की त्यांची प्रेयसी निलोफर आलीच. गिलची कबर भुसावळला आहे. मूस चाळीसगावला, स्टेशनजवळच्या दगडी बंगल्यात पन्नास वर्षं राहिले. रुळाने या दोन गावांत सव्वाशे किलोमीटरही अंतर नाही. गिल-पारोवर ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं, २०१२ साली नितीन देसाईंनी त्यावर सिनेमा काढला. मूस यांच्या पंजाब मेलच्या गोष्टीशिवाय तर चाळीसगावबद्दलचं बोलणं पुरं होत नाही. पण या दोघांनी कॅमेऱ्यामागे नेमकं काय केलं, कसल्या उजेडात, किती वेळ थांबून, कोणत्या रसायनांत बोटं बुडवून, हे विचारणारा माणूस क्वचितच भेटतो.

मला ते विचारावंसं वाटलं त्याचं कारण साधं आहे. धुळ्याच्या एका मित्राकडे लाकडी स्टँड कॅमेरा आहे आणि तो घेऊन आम्ही दोघं खान्देशात हिंडत असतो. हा कॅमेरा वापरायला लागल्यावर जुने फोटो बघायची नजरच बदलते. फोटोतला माणूस छान दिसतोय की नाही, हे नंतर. आधी मनात येतं, हा उजेड यांनी आणला कुठून?

स्टँड कॅमेऱ्यात खरं तर काहीच नसतं. पुढच्या फळीवर लेन्स, मागच्या फळीत दुधी काच, मधे हार्मोनियमसारखा भाता. भाता लांबवायचा, आखडायचा आणि दुधी काचेवर चित्र स्वच्छ उमटलं की स्क्रू आवळायचा. चित्र उलटं दिसतं, आकाश खाली, जमीन वर, डावं उजवीकडे. उन्हात ते दिसावं म्हणून डोक्यावरून काळं कापड घ्यायचं. मग लेन्स बंद करून दुधी काचेच्या जागी फिल्मचा होल्डर सरकवायचा, त्याची झाकणपट्टी उपसायची आणि शटर दाबायचं. एका होल्डरमध्ये दोनच फिल्म, पुढे एक आणि मागे एक. आमच्या कॅमेऱ्याची फिल्म चार बाय पाच इंचांची. नेहमीच्या पस्तीस मिलिमीटर रिळावरच्या एका फोटोपेक्षा तिचं क्षेत्रफळ पंधरापट भरतं. आठ बाय दहाची फिल्म घेतली तर साठपट. पुढचं सगळं नाट्य या आकड्यांतून निघतं.

साक्री तालुक्यातल्या बळसाण्याला हा कॅमेरा उभा केला तेव्हाची गोष्ट. बळसाण्याची जुनी दगडी देवळं खान्देशाबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाहीत. आम्ही स्टँडचे पाय फाकवून, काळं कापड डोक्यावर घेऊन वाकलो आणि पाच मिनिटांत माणसं जमली. एका आजीबाईंनी विचारलं, “हाई काय शे, भाऊ?” उत्तर द्यायच्या आत दुसऱ्याने परस्पर सांगून टाकलं की मोजणीवाले आलेत. हा गैरसमज खान्देशात सगळीकडे होतो आणि त्यात लोकांची चूक नाही. महामार्ग, भूसंपादन, पवनचक्क्या यांच्या पायी तीन पायांवर काहीतरी उभं करून त्यात डोकावणारा माणूस आला की जमीन जाते, हा इथल्या लोकांचा अनुभव आहे. मग पोरांना एकेक करून कापडाखाली घेतलं. देऊळ उलटं लटकलेलं बघून ती इतकी खिदळली की मोजणीचा विषय तिथेच मिटला.

सभामंडपात उजेड बेताचा होता. आतल्या खांबांपासून दारावरच्या कोरीवकामापर्यंत सगळं स्पष्ट यायला हवं असेल तर लेन्सचं छिद्र अगदी बारीक करावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स वगैरे मंडळींनी १९३२ साली आपल्या गटाचं नावच ‘एफ/६४’ ठेवलं होतं, ते याच बारीक छिद्रावरून. छिद्र बारीक म्हणजे वेळ जास्त. त्यात फिल्मचा एक विचित्र स्वभाव आहे. उजेड फार मंद असला की ती हिशेबाप्रमाणे वागत नाही, आळसावते. मीटर आठ सेकंद दाखवत असेल तर आमच्या फिल्मला पंधरा द्यावे लागतात. पंधरा सेकंदांत देवळातून आरपार चालत गेलेला माणूस फोटोत उमटतच नाही. बसून राहिलेला मात्र नखशिखांत येतो.

बाहेर आल्यावर वाऱ्याने गाठलं. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्यांची रांग उगीच उभी नाही. भाता वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि लेन्स थरथरते. मित्र छत्री धरून आडवा उभा राहिला, मी दगडांची पिशवी स्टँडच्या मधोमध टांगली, आणि वारा पडेपर्यंत वाट बघत बसलो. हे काम म्हणजे मुख्यतः वाट बघणंच आहे.

याच बळसाण्याची देवळं पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्सने टिपली. दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचं त्याचं जाडजूड पुस्तक १९३१ साली निघालं. त्यात बळसाणे आहे आणि तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवही आहे. पश्चिम भारतातल्या देवळा-लेण्यांमधून त्याची बरीच हयात गेली. त्याच्या काळात कोरड्या काचा आल्या होत्या. जिलेटिनचा थर दिलेली तयार काच पेटीत भरून नेता यायची आणि सवडीने धुता यायची. १८७१ साली मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने ही युक्ती काढली. गिलच्या नशिबी ती नव्हती.

गिल मद्रास फौजेतला. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला धाडलं आणि तो जवळजवळ जन्मभर तिथेच राहिला. पारो १८५६च्या मे महिन्यात वारली. त्याच सुमारास त्याच्या हाती कॅमेरा आला. सिनेमावाल्यांना यात केवढा तरी अर्थ दिसेल. मला मात्र त्याच्या रसायनांची काळजी वाटते.

तेव्हाची पद्धत ओल्या काचेची, फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ साली शोधलेली. काच स्वच्छ पुसायची, तिच्यावर कलोडियन ओतून ती चारी कोपऱ्यांकडे कलती करत थर सारखा पसरवायचा. मग अंधाऱ्या तंबूत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओलीच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची. वाळली की काच वाया. कलोडियनमध्ये ईथर असतं. इंग्लंडच्या थंड हवेत ती काच बराच वेळ ओली राहते, खान्देशच्या उन्हाळ्यात ईथर बघता बघता उडून जातं. म्हणजे तंबू लेण्याच्या दाराशी हवा, पाणी खालून वाघोरा नदीतून आणायला हवं, आणि धूळ तर कुठूनही येणारच. लेण्यांचा कडा नालेच्या आकाराचा आहे, त्यामुळे प्रत्येक लेण्याला उजेड वेगळ्या वेळी मिळतो. कोणत्या दारावर कोणत्या घटकेला ऊन येतं, हे तिथे मुक्काम ठोकल्याशिवाय कळत नाही.

आता रंगांचा प्रश्न. कलोडियनला निळा-जांभळा उजेड तेवढा कळतो. लाल आणि पिवळा त्याच्या लेखी अंधारच. अजिंठ्याच्या भिंतींवर गेरू आहे, पिवळी माती आहे, त्यांच्या सगळ्या तांबूस छटा आहेत. त्या काचेवर पद्मपाणीची सावळी-तांबूस कांती काळवंडून गेली असती आणि निळा रंग पांढराफटक आला असता. शिवाय आतल्या अंधारात काच वाळायच्या आत पुरेसा उजेड गोळा व्हायला हवा, तेही अवघडच. म्हणून गिलच्या कामाची वाटणी आपोआप झाली. चित्रांसाठी ब्रश आणि दगडासाठी कॅमेरा. कॅमेरा हातात असलेल्या माणसाला चित्रं तेलरंगांत का उतरवत बसावं लागलं, याचं उत्तर कलोडियनच्या रसायनशास्त्रात आहे.

काटेकोर बोलायचं तर गिलच्या ज्या काचा आज ठाऊक आहेत त्या मोठ्या नव्हत्या. त्या स्टिरिओच्या, दोन डोळ्यांसाठी दोन जोडचित्रं देणाऱ्या होत्या. पण तीन पाय, काळं कापड, तंबू आणि एकेका काचेपायी होणारी दमछाक, सगळं तेच. १८६४ साली लंडनमध्ये त्याच्या फोटोंची दोन पुस्तकं निघाली. दोन्हींना मजकूर जेम्स फर्ग्युसनचा. लेण्यांवरच्या पुस्तकात ७४ फोटो आहेत, आणि ते छापलेले नाहीत. फोटोचे खरे कागद पानांवर चिकटवलेले आहेत. दोन वर्षांनी, १८६६च्या डिसेंबरात, लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे मांडलेल्या त्याच्या तेलचित्रांपैकी बहुतेक जळाली. ज्या कामात त्याने उमेदीची वर्षं घालवली ते राख झालं, आणि जोडीला केलेलं फोटोंचं काम वाचलं, कारण एका काचेवरून हव्या तेवढ्या प्रती निघतात. १० एप्रिल १८७९ला तो भुसावळला वारला. कबर शोधत येणारे लोक पारोची चौकशी करतात. तिची समाधी अजिंठा गावात आहे, ते त्यांना सांगावं लागतं.

गिलनंतर जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सने १८७२पासून विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करून घेतल्या, आणि त्यातल्याही बऱ्याच १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये जळाल्या. अजिंठ्याच्या नकलांना विलायतेतली आग चांगलीच ओळखत होती असं म्हणायला हरकत नाही. सगळे रंग ओळखणाऱ्या काचा विसाव्या शतकात आल्या. निजामाच्या पुरातत्त्व खात्याच्या गुलाम याझदानींचे ‘अजंता’चे खंड १९३० ते १९५५ या काळात निघाले. त्यातलं रंगीत छायाचित्रण ई. एल. वॅसी यांचं. चित्रं कॅमेऱ्याने नीट पकडली ती तेव्हा, गिलने पहिली काच ओली केल्याला जवळजवळ पाऊणशे वर्षं झाल्यावर. लेणी निजामाच्या मुलखात, पण तिकडे जाणारा माणूस उतरायचा खान्देशात, जळगावला किंवा पाचोऱ्याला. पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीवर पहूर स्टेशन होतं, तिथूनही लोक जात. काचांच्या पेट्या सांभाळत त्या गाडीत बसलेल्या माणसाची मला दया येते.

खान्देशी माणसाच्या घरात मोठा कॅमेरा शिरला तो मात्र लेण्यांमार्गे नाही, स्टुडिओमार्गे. आजोबांचा पगडी किंवा टोपी घातलेला, हात खुर्चीच्या दांडीवर ठेवलेला फोटो, शाळेचा ग्रुप फोटो, नव्या नवरा-नवरीचा फोटो, हे सगळं हाफ प्लेट किंवा फुल प्लेटवर. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच, फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ. एवढी मोठी काच वापरायची हौस म्हणून कुणी वापरत नसे. गावात वीज नसेल तर फोटो मोठा करायचं एन्लार्जर चालणार कशावर? मग जेवढी काच तेवढाच फोटो. काच आणि कागद चौकटीत एकमेकांना चिकटवून उन्हात ठेवायचे, कागद गडद झाला की उचलायचा. तालुक्याच्या गावच्या फोटोग्राफरला सूर्य फुकट होता. पुढे वीज आली, मागोमाग बारा फोटोंचं रीळ आलं, आणि काचेची पेटी माळ्यावर गेली. मोठा कॅमेरा मागे पडण्यात विजेच्या खांबाचा वाटा मोठा आहे, आणि फोटोग्राफीच्या इतिहासात त्या खांबाचं नाव कुठे येत नाही.

मोठ्या काचेचा दुसरा फायदा रिटचिंगचा. हाफ प्लेटवर चेहरा एवढा मोठा येतो की टोकदार पेन्सिल घेऊन निगेटिव्हवरच काम करता येतं. काचेवर आधी एक चिकट औषध पुसायचं म्हणजे पेन्सिल धरते. मग देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या बारीक ठिपक्यांनी भरून काढायच्या. निगेटिव्हवर जिथे शिसं लागलं तिथे फोटो उजळ होतो. चांगला रिटचर असेल तर माणूस दहा वर्षांनी लहान व्हायचा, आणि वाईट असेल तर सगळ्या गावाची तोंडं एकाच साच्यातून काढल्यासारखी व्हायची. स्थळासाठी पाठवलेल्या फोटोंनी किती घरांत भांडणं लावली असतील, याचा हिशेब या रिटचरांकडेच मागायला हवा.

जुन्या फोटोत बायकांचं कुंकू काळंभोर का दिसतं आणि पान खाल्लेले ओठ काजळ लावल्यासारखे का, हेही काचेच्या याच आंधळेपणातून. पुढच्या पिढीतल्या काचांना हिरवा रंग कळू लागला होता, लाल मात्र अजून कळत नव्हता. लालजर्द शालू काळ्या कापडासारखा यायचा. त्यामुळे त्या काळच्या फोटोवरून कुणी कसले रंग नेसत होतं, याचा अंदाज बांधू नये. माझ्या ओळखीच्या एका घरात पणजीने लग्नात काळी साडी नेसल्याचं दोन पिढ्या सांगितलं जातं.

कॅमेरे आधी विलायती आले, नंतर देशी. केरळात अलप्पुळ्याला ‘वागीश्वरी’ नावाचे सागवानी-पितळी फील्ड कॅमेरे बनत आणि देशभर जात. बनवणाऱ्या के. करुणाकरन यांचं घर वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांचं. हार्मोनियमचा भाता शिवणारे हात कॅमेऱ्याच्या भात्याकडे वळले आणि त्यातून कारखानदारी उभी राहिली. आयात मालाची चणचण असलेल्या काळात या कॅमेऱ्यांनी किती स्टुडिओ तगवले असतील! आजही जुन्या बाजारात एखादा हाती लागतो. लाकूड शाबूत असतं, पितळ घासलं की चमकतं, भात्याच्या घड्यांना मात्र कोपऱ्यांत भोकं पडलेली असतात. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत दिवा धरला की ती भोकं चांदण्यांसारखी दिसतात. काळ्या कापडाचे तुकडे आणि डिंक एवढ्यावर काम भागतं.

फिल्मचं काम तेवढ्यावर भागत नाही. शीट फिल्म परदेशातून मागवावी लागते आणि भाव ऐकून शटर दाबायचं धाडस होत नाही. उटकमंडची सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स कंपनी चालू होती तेव्हा ‘इंदू’ नावाची देशी फिल्म मिळे, ते दिवस गेले. म्हणून आम्ही बऱ्याचदा एक्स-रेची फिल्म वापरतो. आठ बाय दहाच्या एका फिल्ममधून चार बाय पाचचे चार तुकडे पडतात. ही फिल्म लालाला आंधळी, त्यामुळे लाल दिव्यात डोळ्यांनी बघत कापता आणि धुता येते. फोटो निघतात ते आजोबांच्या काळचे, ओठ गडद, चेहरा उन्हात रापलेला. जळगावच्या केळीची हिरवी पानं तिच्यावर सुरेख उजळतात, पण पळस फुलला असेल तर झाडाला डांबर फासल्यासारखं दिसतं. थर दोन्ही बाजूंनी असतो, नख लागलं की ओरखडा. आणि आता दवाखानेही संगणकावर गेल्यामुळे हिचे दिवस भरत आले आहेत.

धुण्याबद्दल खान्देशात वेगळं बोलायलाच हवं. पुस्तकात डेव्हलपरचं तापमान २० अंश दिलेलं असतं. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ला टेकतो, गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी चहाला आधण ठेवल्यासारखं. अशा पाण्यात फिल्मवरचं जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, बोट लागलं तर थर सरकतो. गरम डेव्हलपरमधून थंड पाण्यात टाकली तर थरावर जाळीदार सुरकुत्या पडतात. जुन्या लोकांचे उपाय ठरलेले होते. बर्फाची लादी आणायची, ट्रे मोठ्या परातीत बर्फावर ठेवायचा, डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालायचं म्हणजे जिलेटिन कमी फुगतं, नंतर क्रोम अ‍ॅलमच्या, म्हणजे एका जातीच्या तुरटीच्या, पाण्यात थर घट्ट करून घ्यायचा. काम पहाटे उरकायचं. आमच्या हवेची एक गोष्ट मात्र चांगली. ती कोरडी आहे. माठ आणि ओलं बारदान इथे जे काम करतात ते मुंबईच्या दमट हवेत करूच शकत नाहीत. रात्रभर माठात ठेवलेलं पाणी आणि थोडा बर्फ एवढ्यावर एप्रिल निघून जातो. मे महिन्यात आम्ही फोटो काढतो आणि धुणं पावसाळ्यावर ढकलतो.

कापसाचा हंगाम वेगळाच छळ करतो. जिनिंगच्या आसपास हवेत तंतू तरंगत असतात. होल्डर भरताना एक तंतू फिल्मवर बसला तर तेवढ्या जागी उजेड पोचत नाही आणि छापल्यावर फोटोत काळी रेघ येते. वाळत घातलेल्या निगेटिव्हवर बसला तर पांढरी. काळी की पांढरी यावरून तंतूने कधी गाठलं ते सांगता येतं, करता काहीच येत नाही.

या सगळ्या कटकटींचं मोल मला धुळ्याच्या जुन्या पेठांत कळलं. कॅप्टन ब्रिग्जने १८१९च्या सुमारास नवं धुळं आखलं ते सरळ रेषांत. गल्ल्या एकमेकींना काटकोनात भेटतात, आणि त्यांत अजूनही काही लाकडी माड्या तग धरून आहेत. मोबाइल वर करून अशा माडीचा फोटो घ्या, खांब वर जाताना एकमेकांकडे झुकतात आणि घर मागे कलंडलेलं दिसतं. स्टँड कॅमेऱ्यात मागची फळी सरळ उभी ठेवून नुसती लेन्सची फळी वर सरकवली की माडीचं छप्पर काचेवर उतरतं आणि खांब ओळंब्यात राहतात. लेन्स पुढे कलती केली तर पायाजवळच्या फरशीपासून गल्लीच्या टोकापर्यंत सगळं एकदम स्पष्ट होतं. ही कलती करण्याची भूमिती थिओडोर शाइम्पफ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. त्याला बलूनमधून काढलेले नकाशाचे फोटो सरळ करायचे होते, आम्हाला गल्ली क्रमांक अमुकमधली माडी. ब्रिग्जच्या सरळ रेघा सरळ दाखवणारा कॅमेरा हाच.

आणि आता मूस. कैखुसरो माणेकजी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२चा, मुंबईच्या पारशी घरातला. आई-वडिलांचा धंदा चाळीसगावला. मूस विलायतेत शेफिल्डच्या बेनेट कॉलेजची कमर्शियल आर्टची पदविका घेऊन १९३८च्या सुमारास परतले, चाळीसगावला स्थिरावले आणि पुढे घराबाहेर पडण्याचे त्यांचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके उरले. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मुंबई सोडताना निलोफरने वचन दिलं की एक दिवस पंजाब मेलने येईन. मग रोज रात्री मेलच्या वेळेला बंगल्याची दारं-खिडक्या उघडी, दिवे लागलेले, दोघांचं ताट मांडलेलं. ३१ डिसेंबर १९८९ला ते गेले, तेही म्हणे मेल येऊन गेल्यावर. योगायोग असा की पंजाब मेल सुरू झाली तीही १९१२ सालीच.

गोष्ट खरी असेल, अर्धी असेल. मला तिच्याशी भांडायचं नाही, पण तिने एक नुकसान केलं आहे. तिच्यामुळे मूस यांचं घरी बसणं म्हणजे विरहाचा आजार ठरला. त्यांच्या कामाकडे पाहिलं तर घरी बसायला दुसरंही कारण दिसतं. त्यांची ख्याती टेबल-टॉप फोटोग्राफीची, आणि त्यांच्या फोटोंना मिळालेली देशी-परदेशी बक्षिसं तीनशेच्या घरात सांगतात. टेबल-टॉप म्हणजे टेबलावर अख्खं दृश्य रचायचं आणि फोटोत ते खरं, विशाल वाटावं असं टिपायचं. कापूस, पीठ, मीठ, आरशाचा तुकडा, वाळकी काटकी एवढ्या भांडवलावर हिमशिखरं आणि सरोवरं उभी करतात. ज्याला बर्फ टेबलावर पाडता येतो त्याने काश्मीरला कशाला जावं?

हे काम वाटतं तितकं खेळातलं नाही. कॅमेरा जितका जवळ, तितकी स्पष्टतेची पट्टी अरुंद. हातभर अंतरावरून फोटो घेतला तर पुढचा ‘दगड’ स्पष्ट आणि बोटभर मागचा ‘डोंगर’ धूसर, आणि धूसर झाला की लबाडी लगेच उघडी पडते, कारण खऱ्या डोंगराचा फोटो असा कधीच येत नाही. तेव्हा छिद्र बारीक आणि वेळ लांब, हा सभामंडपातला नियम टेबलावरही लागू. उजेडाचंही तसंच. आकाशात सूर्य एकच असतो, म्हणून सावली एकाच दिशेची हवी, आणि कडेला भरपूर जागा असूनही दुसरा दिवा लावायचा मोह टाळायला हवा. मिठाचा एक खडा प्रमाणाबाहेर मोठा निघाला तर हिमालयाचं स्वयंपाकघर होतं. तासन्‌तास एक काटकी इकडची तिकडे करत बसणाऱ्या माणसाला घर सोडायची सवड कधी मिळणार? बंगल्याला त्यांनी ‘रेम्ब्राँट्स रिट्रीट’ असं नाव दिलं होतं. रेम्ब्राँ म्हणजे एका बाजूने येणारा उजेड आणि बाकी अंधार. घराच्या नावातच त्यांनी आपली प्रकाशयोजना सांगून ठेवली होती, आणि आपण मात्र गाडीची वेळ विचारत राहिलो.

बंगल्यातलं त्यांचं कलादालन आता विश्वस्त संस्था सांभाळते. तिथे गेलात तर ताटाची आणि खिडकीची गोष्ट ऐकून झाल्यावर फोटोंसमोर थांबा आणि प्रत्येक फोटोत सावली कोणत्या बाजूला पडली आहे तेवढं बघा. वेळ उरला तर पाटणादेवीला जाऊन या, गौताळ्याच्या जंगलात, अठराएक किलोमीटरवर. तिथे भास्कराचार्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख सापडला. तो जगापुढे आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, १८६५च्या सुमारास. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे १८५४ साली निघालेल्या बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीचे सभासद होते, आणि नारायण दाजी तर कॅमेऱ्यात मुरलेले. सकाळी देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर तिरपं ऊन येतं तेव्हा कोरीवकाम उठून दिसतं. दहा वाजले की ऊन डोक्यावर चढतं आणि दगड सपाट होतो. स्टँड कॅमेरा घेऊन जाणार असाल तर माकडांपासून काळं कापड जपा.

शेवटी एक कामाचं. जळगाव-धुळ्याकडचे जुने स्टुडिओ बंद झाले तेव्हा त्यांच्या हजारो काचा कुठे गेल्या, याचं उत्तर अनेक ठिकाणी सारखंच मिळतं. थर खरवडून त्या तसबिरींना बसवल्या. मारुतीच्या तसबिरीवरची काच कुणाच्या तरी आजोबांची निगेटिव्ह असू शकते. अजूनही माळ्यावर, जुन्या पत्र्याच्या डब्यात अशा काचा निघतात. तुमच्या घरी निघाल्या तर ओल्या फडक्याने पुसू नका. एक बाजू चकचकीत असते आणि एक मंद. मंद बाजूला फोटो आहे, तिला बोट लावू नका. काच कडांना धरून उचला. प्रत्येक काच वेगळ्या कोऱ्या कागदात गुंडाळा आणि कागदावर गाव, घराणं, आठवत असेल ते साल पेन्सिलीने आधीच लिहून घ्या, गुंडाळल्यानंतर लिहू नका. काचा एकावर एक आडव्या रचल्या तर खालच्या फुटतात, म्हणून लांब कडेवर उभ्या ठेवा, स्वयंपाकघरापासून आणि न्हाणीघरापासून लांब. आणि मोबाइल असेलच हातात, तर काच पांढऱ्या उजेडासमोर धरून एक फोटो घ्या आणि रंग उलटे करा. पणजीचं कुंकू काळं दिसेल, साडी काळी दिसेल. ती लाल होती.